१७५ की १६५? माउंटन बाइकच्या क्रँकची लांबी कशी ठरवायची

प्रश्न असा आहे: उंची १६८ सेंमी, पायाची आतली लांबी ७७ सेंमी. सायकल २९ इंची हार्डटेल (मागे शॉक नसलेली), मीडियम फ्रेम, पुढे १२० मिमी दबणारा फोर्क, शिमानोची १२-स्पीड डिओर गिअर-यंत्रणा, पुढे ३२ दात्यांची चकती, मागे १० ते ५१ दात्यांची कॅसेट (चकत्यांचा संच) आणि कंपनीने दिलेला १७५ मिमीचा क्रँक, म्हणजे पेडल ज्याला लावतात तो दांडा. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडच्या पाणंद रस्त्यांवर आणि अंजनेरी गावातून पायथ्याकडे चढणाऱ्या वाटेवर पेडल दगडाला आपटतं. तासाभराच्या चढानंतर गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. दुकानदार म्हणतो, क्रँक लांब तेवढा जोर जास्त, हात लावू नका. सोबतचे म्हणतात, १६५ टाका, सगळं सुटेल. ऐकायचं कुणाचं?

१६५ टाका. पण दुकानदार निम्मा चुकतोय तसे सोबतचेही निम्मे चुकताहेत. क्रँक बदलल्याने पेडल आपटणं कमी होईल, थांबणार नाही. गुडघ्याचं दुखणं तर आजच, एक रुपयाही न घालता, केवळ सीटची उंची नीट केल्याने कमी होण्याची बरीच शक्यता आहे. म्हणून क्रँक मागवण्याआधी खालचा हिशेब एकदा बघून घ्या.

आधी जोराचा मुद्दा. रहाटाचा दांडा लांब असला की पोहरा हलका लागतो हे खरं, पण हाताला तेवढाच मोठा फेरा मारावा लागतो. पाणी तेवढंच वर येतं आणि मेहनतही तेवढीच. क्रँकचंही तसंच. समजा चढावर तुम्ही मिनिटाला ६० फेरे मारत २०० वॉट काढताय. १७५ च्या क्रँकवर पायाचा सरासरी रेटा साधारण साडेअठरा किलो पडतो, १६५ वर पावणेवीस. फरक जेमतेम सव्वा किलोचा, आणि तोही गिअर तोच ठेवला तर. दुसऱ्या बाजूने बघा: पाऊल ज्या वेगाने १७५ वर मिनिटाला ८० फेरे मारतं, त्याच वेगात १६५ वर जवळपास ८५ फेरे होतात. एक गिअर हलका घेतला की पायाला पडणारा रेटाही पूर्वीइतकाच राहतो. दांड्याची लांबी कमी झाली ती गिअरने भरून निघते. गिअर नसलेल्या सायकलीच्या जमान्यात दुकानदाराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरलं असतं.

प्रयोगशाळेतही हेच दिसलंय. मार्टिन आणि स्पिरडुसो या संशोधकांनी २००१ मध्ये १६ सायकलपटूंना १२०, १४५, १७०, १९५ आणि २२० मिमीच्या क्रँकवर पूर्ण ताकदीने पेडल मारायला लावलं. इतक्या टोकाच्या लांब्या असूनही सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताकदीत फरक निघाला फक्त सुमारे ४ टक्के. १४५ आणि १७० ही मधली मापं १२० आणि २२० पेक्षा सरस ठरली. त्या दोघांत आपसात सांगण्यासारखा फरक नव्हता. २०१० मध्ये क्रॉसकंट्री माउंटन बाइक शर्यती खेळणाऱ्या महिलांवर असाच एक अभ्यास झाला, तो १७०, १७२.५ आणि १७५ वर. कमाल ताकद तिन्हींवर सारखीच आली, पण त्या ताकदीपर्यंत पोहोचायला १७० वर वेळ कमी लागला. ट्रेलवर, म्हणजे दगडमातीच्या वाटेवर, या दुसऱ्या निष्कर्षाला मोल आहे. वळणातून बाहेर पडताना किंवा समोर अचानक धोंडा आला की दोन-तीन फेऱ्यांत वेग पकडावा लागतो, आणि तिथे लहान क्रँक चटकन फिरतो.

रस्त्यावरच्या शर्यतींचा नामवंत सायकलपटू तदेय पोगाचार २०२४ च्या हंगामात १६५ वर शर्यती जिंकत होता, आणि तेव्हापासून हे माप सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचं कारण वेगळं, हे लक्षात असू द्या. रस्त्यावरच्या शर्यतीत खूप वाकून बसल्यावर मांडी छातीला भिडते, तिला लहान क्रँकमुळे जागा मिळते. आपण पाणंदीतल्या खडकांपायी लहान माप घेतोय. माप तेच, दुखणं निराळं.

आता लांबी ठरवायची कशी? उंचीवर जाऊ नका, पायावर जा. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर दाबा, पुस्तकाची एक कड भिंतीला चिकटलेली ठेवा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची आतली लांबी. तीनदा मोजा, सरासरी काढा. पँटच्या मापावर विसंबू नका; शिंप्याचं माप चार-पाच सेंटिमीटरने सहज कमी निघतं.

या लांबीला ०.२१ किंवा ०.२१६ ने गुणायचं असं एक सूत्र फिरत असतं. तुमच्या ७७० मिमीला त्यातून १६२ ते १६६ येतात, म्हणजे १७५ हे त्या सूत्रानेही जास्तच. पण ८४ सेंमीच्या पायाला हेच सूत्र १८१ पर्यंत जातं, आणि ट्रेलवर १८१ चा क्रँक म्हणजे दर दहा फुटांवर खडखडाट. म्हणून या सूत्राचं उत्तर ‘याच्या वर जाऊ नका’ एवढ्याच अर्थाने घ्यावं. आपल्याकडच्या दगडी ट्रेलसाठी ढोबळ माप असं: पाय ७२ सेंमीपेक्षा आखूड असेल तर १५५ किंवा १६०, ७२ ते ८० पर्यंत १६५, ८० ते ८६ पर्यंत १६५ किंवा १७०, त्याच्या वर १७०. १७५ चा विचार फक्त ८८ सेंमीच्या पुढच्या लंबूटांग मंडळींनी करावा, तोही ते बहुतेक डांबरी किंवा मुरमाच्या सपाट रस्त्यावर चालवत असतील तर. सीमेवर असाल तर लहान घ्या. गरजेपेक्षा ५ मिमी लहान क्रँकचा पायाला त्रास सहसा जाणवत नाही. ५ मिमी लांबचा गुडघ्याला जाणवतो.

मग कंपन्या मीडियम फ्रेमला १७५ का देतात? जुनी सवय, दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं माउंटन बाइकला लहान फ्रेमवर १७० आणि बाकी सगळ्यांवर १७५ हा शिरस्ता होता. ट्रेल आणि एन्ड्युरोच्या (खडतर उतारांच्या शर्यतींच्या) नव्या सायकली आता बऱ्याचदा १६५ किंवा १७० घेऊनच येतात.

गुडघ्याकडे वळू. सीट ते पेडल हे अंतर पेडल तळाला असताना सर्वांत जास्त असतं आणि माथ्याला सर्वांत कमी. गुडघा सर्वाधिक दुमडतो तो माथ्यावर. तुमच्या पायाला बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत अंदाजे ६८ सेंमी उंची लागेल. १७५ वर तळाच्या पेडलपासून सीट झाली ८५.५ सेंमी आणि माथ्याच्या पेडलपासून ५०.५. आता १६५ टाकला आणि तळाचं अंतर तेच ठेवायला सीट १ सेंमी वर घेतली, तर माथ्याचं अंतर होतं ५२.५. क्रँक १ सेंमीने लहान झाला, पण माथ्यावर गुडघ्याला जागा मिळाली पूर्ण २ सेंमी. लहान क्रँकचा सगळा फायदा या दोन सेंटिमीटरमध्ये आहे. गुडघा कमी दुमडतो, खुब्याचा सांधा कमी मिटतो, आणि ज्यांचं पोट जरा पुढे आहे त्यांची मांडी पोटाला लागायची थांबते. हे शेवटचं कुणी उघड विचारत नाही, पण चढावर दम लागण्याचं ते एक खरं कारण असतं.

आता गंमत बघा. सीट ३ सेंमी खाली असेल तर १७५ वर माथ्याचं अंतर ५०.५ वरून ४७.५ वर येतं. म्हणजे खाली ठेवलेल्या सीटने केलेलं नुकसान क्रँक बदलून मिळणाऱ्या फायद्याच्या दीडपट. आणि सीट खाली ठेवण्याची खोड आपल्याकडे सार्वत्रिक आहे: थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा हट्ट. म्हणून पहिलं काम हे: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी तळाला न्या. कंबर न कलंडता गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. पावलाचा चवडा पेडलवर आणला की गुडघ्याला आपोआप हलका बाक येतो, २५ ते ३५ अंशांचा. सीट खूप खाली असेल तर एकदम तीन सेंमी वर घेऊ नका, आठवड्याला ५ मिमी असं चढवा. दुखणं गुडघ्याच्या पुढे असेल तर सीट खाली आहे, असा पहिला संशय घ्यावा. मागच्या लवणीत दुखत असेल तर वर आहे. सीट नीट करून, गिअर हलका घेऊनही तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा गुडघ्यावर सूज दिसली, तर सायकलच्या दुकानात नाही, हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

पेडल आपटण्याचा हिशेब याहून मजेशीर आहे. २९ इंची हार्डटेलचा बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून साधारण ३१० मिमीवर असतो. तुम्ही बसलात की १२० चा फोर्क चतुर्थांश, म्हणजे ३० मिमी दबतो. त्याने बॉटम ब्रॅकेट सुमारे ११ मिमी खाली येतो. उरले २९९. त्यातून १७५ चा क्रँक आणि पेडलची निम्मी जाडी, धरा ९ मिमी, वजा केली की पेडलखाली राहतात ११५ मिमी. १६५ वर १२५. फुल सस्पेन्शनमध्ये (मागेही शॉक असलेल्या सायकलीत) बॉटम ब्रॅकेट मुळात ३४० च्या आसपास असतो, पण मागचाही शॉक दबतो, त्यामुळे शेवटी आकडा जवळपास तिथेच येऊन थांबतो.

पाणंदीत पावसाळ्यानंतर ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेली चाकोरी १० ते १५ सेंमी खोल सहज असते. म्हणजे चाकोरीतून जाताना ११५ काय आणि १२५ काय, तिची कड पेडलला लागणारच. भर त्यात सायकल तिरकी झाल्याची. पेडलचं बाहेरचं टोक सायकलच्या मध्यरेषेपासून २० सेंमी दूर असतं. सायकल फक्त १० अंश कलली की ते टोक ३५ मिमी खाली जातं; ११५ चे राहतात ८०. क्रँकने दिलेले १० मिमी एका बाजूला आणि कलल्याने गेलेले ३५ एका बाजूला. म्हणून म्हटलं, आपटणं थांबणार नाही.

मग करायचं काय? दगडांच्या पट्ट्यात पूर्ण फेरा मारायचा नाही. पेडल आडवी ठेवून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा पुढे, असं खुरडत जायचं. मागच्या हबमधल्या कुत्र्यांची, म्हणजे फ्रीहबच्या पकडीची, टिकटिक जेवढी दाट तेवढं हे सोपं जातं. चढावर धोंडा दिसला की तीन-चार फेरे आधीच हिशेब करून पाऊल असं आणायचं की धोंड्याशेजारून जाताना त्या बाजूचं पेडल वर असेल. चाकोरीत शिरल्यावर पेडल आडवीच ठेवायची, आणि शक्य असेल तर मधल्या उंचवट्यावरूनच जायचं. याला सराव लागतो, खर्च नाही.

खर्च करायचाच असेल तर पेडलकडे बघा. स्वस्त प्लास्टिकची पेडल २५ ते ३० मिमी जाड असतात, पातळ प्लॅटफॉर्म पेडल १५ च्या आसपास. पेडलचा आस मधोमध असतो, म्हणून खाली निम्माच फायदा मिळतो, तरी ५ ते ७ मिमी झाले. टायरही बघा: २.४ इंची काढून २.२ इंची टाकला की सायकलच ४-५ मिमी बसते. क्रँक लहान करून मिळवलेलं निम्मं तिथे घालवू नका. फोर्कमधली हवाही तपासा. २५ टक्क्यांऐवजी ३५ टक्के दबत असेल तर आपटण्याचं एक कारण तिथेच सापडलं.

आता क्रँक बदलल्यावर सोबत काय काय बदलायचं. बहुतेकांचा बेत इथेच फसतो: १६५ टाकतात, बाकी काही हलवत नाहीत, आणि आठ दिवसांत ‘ताकद गेली’ म्हणून जुना पुन्हा चढवतात.

सीट १ सेंमी वर. मोजताना बॉटम ब्रॅकेटपासून मोजू नका. क्रँक सीटट्यूबच्या (फ्रेमच्या सीटखालच्या नळीच्या) रेषेत खाली आणा आणि पेडलच्या आसापासून सीटच्या पृष्ठापर्यंत मोजा. जुन्या क्रँकवरचा हा आकडा लिहून ठेवा आणि नव्यावर तोच आणा. सीटपोस्टवरची किमान आत राहण्याची खूण बाहेर येत नाही ना, तेवढं पाहा. ड्रॉपर पोस्ट (बटण दाबून सीट खाली-वर करता येणारा खांब) असेल तर एक बारीक नुकसान आहे: पोस्ट १ सेंमी वर आल्याने पूर्ण खाली केल्यावरही सीट पूर्वीपेक्षा १ सेंमी वरच राहते. उतारावर पेडल आडवी असतात, पावलं तिथेच असतात, त्यामुळे बुडाखालची मोकळी जागा तेवढी घटते.

सीट वर गेली की हँडल तेवढंच खाली गेल्यासारखं वाटतं. स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) वर स्पेसर, म्हणजे कड्या, असतील तर १० मिमीचा एक काढून खाली घाला. नसतील तर जास्त उंचावलेलं हँडलबार हाच उपाय, पण तो लगेच नको. महिनाभर चालवून मनगट किंवा मान कुरकुरली तरच.

सीट पुढे-मागे सरकवावी का, यावर मतं आहेत. पेडल पुढे आडवं असताना ते १ सेंमी मागे आलेलं असतं. सीट वर घेताना, सीटट्यूब तिरकी असल्यामुळे, सीट साधारण अडीच मिमी मागे गेलेली असते. उरलेल्या साडेसात मिमीसाठी सीट मागे सरकवली तर जुनं नातं जुळतं. पण ज्याला अंजनेरीसारखे उभे चढ चढायचेत त्याने सीट मागे नेली की पुढचं चाक उचलू लागतं. जिथे आहे तिथे राहू द्या.

चकती मात्र बदला. ३२ च्या जागी ३०. हिशेब असा: चाकाची त्रिज्या भागिले क्रँकची लांबी, गुणिले गिअरचं गुणोत्तर. शेल्डन ब्राऊन या जाणकार मेकॅनिकने लोकप्रिय केलेली ही गेन रेशोची पद्धत पेडल आणि चाक यांचं खरं नातं सांगते. २९ इंची चाकाची त्रिज्या ३६५ मिमी धरली तर १७५ क्रँक, ३२ पुढे, ५१ मागे यांचा आकडा येतो १.३१. क्रँक फक्त १६५ केला की १.३९, म्हणजे सगळ्यांत हलका गिअर सहा टक्के जड झाला. तीच ‘गेलेली ताकद’. ३० ची चकती लावली की आकडा १.३०, होतं तिथेच. सपाटीवरचा सर्वांत जड गिअर थोडा हलका होईल; पण ३०-१० च्या गिअरवर मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ३७ किलोमीटर पडतात, कच्च्या रस्त्याला ते पुरून उरतात. ज्यांच्या सायकलला पुढे तीन चकत्या आहेत आणि सर्वांत लहान २२ किंवा २४ ची आहे, त्यांना यातलं काही करायची गरज नाही.

३२ वरून ३० वर येताना साखळी साधारण १३ मिमी जास्तीची होते. एका जोड-कडीपेक्षा कमी, म्हणून तोडायची नाही. साखळी-मार्गदर्शक असेल तर तो ४ मिमी खाली घ्यावा लागेल. मात्र साखळी झिजलेली असेल तर नव्या चकतीसोबत ती नवीच घाला, नाहीतर चकतीचे दाते पहिल्या पावसाळ्यातच खलास होतात.

खरेदी करताना मापाइतकंच आसाकडे लक्ष द्या. तुमच्या डिओरला २४ मिमीचा आस आणि शिमानोचा हॉलोटेक-२ बॉटम ब्रॅकेट आहे. त्याच घरातला बहुतेक कोणताही २४ मिमीचा माउंटन क्रँक तुमच्याच बॉटम ब्रॅकेटमध्ये बसतो. शिमानोच्याच एक्सटी श्रेणीतला एम-८१०० हा १६५ मध्ये मिळतो, आणि १२-स्पीडची थेट बसणारी चकती दोन्हींना एकच चालते. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा डब क्रँक जवळपास २९ मिमी आसाचा, तो घेतलात तर बॉटम ब्रॅकेटही बदलणं आलं. दुसरी गोष्ट चेनलाइन, म्हणजे चकतीचं सायकलच्या मध्यरेषेपासूनचं अंतर: डिओरचा क्रँक ५२, ५५ मिमी अशा वेगवेगळ्या प्रकारांत येतो. जुन्यावरचा मॉडेल नंबर बघून तोच आकडा घ्या. तीन मिमीचा फरक मोठ्या कॅसेटवर गेल्यावर साखळीच्या कुरकुरीतून कळतो, आणि कारण सापडायला महिना जातो.

काढायची पद्धत सोपी आहे. डाव्या दांड्यावरचे दोन ५ मिमी ॲलन बोल्ट आळीपाळीने सैल करा, मधली प्लास्टिकची टोपी तिच्या चांदणीसारख्या खास पान्याने काढा, दांड्याच्या फटीतली छोटी प्लास्टिकची अडसर-पट्टी बारीक स्क्रू-ड्रायव्हरने उचला आणि दांडा ओढून घ्या. ही पट्टी न उचलता ओढाताण केली की ती तुटते. साखळी चकतीवरून उतरवून ठेवा, डावीकडून आसावर रबरी हातोडीने हलके ठोके द्या, उजवा दांडा आसासकट बाहेर येईल. आता बॉटम ब्रॅकेटमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली तर बेअरिंगमध्ये चिखल गेलाय. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात चालवलेल्या सायकलींना हे हटकून होतं, आणि सगळं सुटलेलं असताना ते बदलणं सर्वांत स्वस्त पडतं. बदलताना लक्षात ठेवा, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असेल तर चकतीकडच्या बाजूचे आटे उलटे असतात.

बसवताना आसाला पातळ ग्रीस लावून उजवीकडून घाला. डावा दांडा आसावर एकाच स्थितीत बसतो, आतल्या दात्यांपैकी रुंद दाते जुळवून घ्या. टोपी फक्त बोटाच्या ताकदीने आवळायची, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर. सगळ्यांत जास्त बेअरिंग मरतात ती इथे: मिस्त्री ती टोपी कचकचून आवळतो आणि क्रँक जड फिरू लागतो. मग पट्टी खाली दाबा, तिची खुंटी आसाच्या भोकात बसली पाहिजे. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, तीन-चार फेऱ्यांत, १२ ते १४ न्यूटन-मीटरवर न्या. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर दुसरा टॉर्क दाखवतो पण धरत नाही. पेडल ३५ न्यूटन-मीटरला, आट्यांना ग्रीस लावून. डाव्या पेडलचे आटे उलटे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दर महिन्याला कुणीतरी डाव्या दांड्याचे आटे उडवून आणतं. पेडल आधी हाताने तीन-चार फेरे फिरलं पाहिजे, पाना नंतर.

चौकोनी आसाच्या क्रँकचा, म्हणजे बहुतेक स्वस्त माउंटन बाइकचा, मामला थोडा निराळा. त्याला पुलर, म्हणजे दांडा ओढून काढायचं हत्यार, लागतो. पुलर दांड्याच्या आट्यांत शेवटपर्यंत, हाताने, सरळ बसल्याखेरीज फिरवू नका. अर्धवट बसलेला पुलर आटे घेऊनच बाहेर येतो आणि मग दांडा कापून काढावा लागतो. बसवताना बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटर. डावा दांडा कचकच करू लागला की त्याच जागी थांबून आवळा. तसाच पंधरा किलोमीटर रेटला तर अॅल्युमिनियमच्या दांड्याचं चौकोनी भोक गोलसर होतं. मग पत्र्याची पट्टी घालून ठोकण्याचा जुगाड करतात, तो घाटात उतरताना सुटतो.

असा दांडा बदलतानाच एक भलतीच चूक होते. डावा गेला म्हणून दुकानातून एकटा डावा आणतात, दिसायला तसाच, पण उजवा १७५ आणि डावा १७०. पायांना लगेच कळत नाही. महिन्याभराने एकाच बाजूचा गुडघा किंवा कंबर बोलू लागते. दांड्याच्या आतल्या अंगाला, पेडलच्या आट्याजवळ, लांबीचा आकडा कोरलेला असतो, तो दोन्हींवर बघा. पुसला गेला असेल तर सायकल सरळ उभी करा, पेडलच्या आसाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची एकदा माथ्याला आणि एकदा तळाला मोजा. वजाबाकी करून निम्मे करा. ३५० आले तर १७५, ३३० आले तर १६५. दोन्ही बाजूंना मोजायला पाच मिनिटं लागतात. जुनी सायकल विकत घेताना तर हे आवर्जून करावं.

दांडा कापून-भोक पाडून लहान करून देणारे कारागीर भेटतील. हॉलोटेकचा दांडा अनेकदा आतून पोकळ असतो, त्याला भोक पाडणं म्हणजे तो मोडायची सोय करणं. नको.

घरात एकाच सायकलवर दोघं-तिघं चालवत असतील तर क्रँक आखूड पायाच्या माणसाच्या मापाचा घ्या. लांब पायवाल्याचं त्यात फारसं बिघडत नाही, उलट बाजूने मात्र बिघडतं. मुलांच्या २४ इंची सायकलला १५२ च्या आसपासचा दांडा पुरतो. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून १७० लावलेली सायकल पोरगं हापसा मारल्यासारखं चालवतं.

नव्या क्रँकवर पहिल्या दिवशी पाय भिंगरीसारखे फिरल्यासारखे वाटतील आणि उभं राहून पेडल मारताना काहीतरी हरवल्यासारखं. दोन-तीन आठवडे द्या, आणि त्या काळात सीट-हँडलला पुन्हा हात लावू नका. पहिल्या फेरीनंतर आणि साधारण ५० किलोमीटरनंतर दोन्ही ॲलन बोल्टचा टॉर्क परत बघा. पेडलमध्ये पॉवर मीटर असेल तर सायकल-कॉम्प्युटरमध्ये क्रँकची लांबी १७५ वरून १६५ करायला विसरू नका. तो पेडलवरचा जोर या लांबीने गुणून वॉट काढतो, त्यामुळे जुना आकडा तसाच राहिला तर तुम्ही रोज सहा टक्के जास्त ताकदवान दिसाल.